घरांतील स्वावलंबनाचा धडा



स्वावलंबन हा शब्द शाळेंत निबंधाचा विषय म्हणून पुष्कळदां दिला जातो, आणि मुलें त्यावर सुरेख निबंध लिहितातहि. परंतु निबंध लिहून झाल्यावर तेंच मूल जेवणाचें ताट जागेवर टाकून उठतें, पाण्याचा पेला आईनें हातांत आणून द्यावा अशी वाट पाहतें, आणि सदऱ्याचें तुटलेलें बटण आठ-आठ दिवस तसेंच राहूं देतें. हा दोष एकट्या मुलाचा नव्हे. जो विषय घरांत शिकवावयाचा, तो आपण शाळेच्या फळ्यावर सोपवून मोकळे झालों, हें त्याचें खरें कारण होय. यास्तव या विषयाचा थोडा पद्धतशीर अभ्यास करूं.

१. स्वावलंबन म्हणजे काय ?

आपलें ओझर नाशिकहून आग्रा रस्त्यानें सुमारें २० किलोमीटरांवर, बाणगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. येथें द्राक्षांच्या बागा आहेत, भाजीपाल्याचे मळे आहेत, आणि १९६४ सालीं सुरू झालेला विमानांचा कारखानाहि आहे. कोणाचे वडील पहाटेच बागेंत जातात, कोणाचे कारखान्यांत पाळीवर जातात. परंतु दोन्ही घरांत मुलास एकच उपदेश ऐकूं येतो : "तूं फक्त अभ्यास कर, बाकीचें आम्ही पाहून घेऊं." या शब्दांत माया आहे, आणि आपल्यास जे कष्ट पडले ते मुलास पडूं नयेत ही इच्छाहि आहे. तिच्याविषयीं कोणीहि वाईट बोलूं नये. परंतु तिचा परिणाम काय होतो तो पाहा. दहावी-बारावी झाल्यावर मुलगा नाशिकास किंवा पुण्यास शिकावयास जातो. गणितांत त्याला उत्तम गुण असतात. परंतु भात कसा शिजतो, ताप आला असतां काय करावें, महिन्याचे पैसे महिनाभर कसे पुरवावे, हें त्यास कोणीं सांगितलेलेंच नसतें.

आतां त्याच घरांतील मुलीकडे पाहा. ती सकाळीं केर काढते, कणीक मळते, धाकट्या भावंडाची वेणीफणी करते. मग ती स्वावलंबी झाली काय ? नाहीं. कारण आज भाजी कोणती करावयाची, बाजारांत किती खर्चावयाचे, आपण पुढें काय शिकावयाचें, यांपैकीं एकहि गोष्ट तिला कोणी विचारीत नाहीं. तात्पर्य, मुलास मोकळीक मिळाली परंतु काम मिळालें नाहीं, आणि मुलीस काम मिळालें परंतु अधिकार मिळाला नाहीं. एकाच्या गाडीस डावें चाक नाहीं, दुसरीच्या गाडीस उजवें. म्हणून व्याख्या अशी करूं : हातास काम येणें, आणि त्या कामासंबंधीं आपल्या बुद्धीनें निर्णय घेतां येणें, या दोहोंचा मेळ म्हणजे स्वावलंबन.

२. शरणपूरचीं मुलें

या व्याख्येचें एक मोठें उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. नाशिकांतील शरणपूर रस्ता आपण सर्वांनीं पाहिला आहे. इ. स. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनीं तेथें वसाहत स्थापन केली. त्या काळीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें धरून नेऊन गुलाम म्हणून विकण्याचा व्यापार चाले. इंग्रजी आरमार अशीं गलबतें पकडी. त्यांतून सुटलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांपैकीं पुष्कळांस शरणपुरास आणण्यांत येई. या मुलांना आई नव्हती, बाप नव्हता, गांव नव्हता. त्यांना वाचनलेखनाबरोबरच सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकविण्यांत आले. कारण उद्यां त्यांना स्वतःच्या हातांवांचून दुसरा आधार असणार नव्हता.

यांपैकीं एकाचें नांव जेकब वेनराइट. १८७२ सालीं आफ्रिकेंत प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस माणसें पाठविण्यांत आलीं. त्यांत नाशिकच्या शाळेंतून निघालेले कांहीं तरुण होते व जेकब त्यांत होता. ता. १ मे १८७३ रोजीं आजच्या झांबिया देशांतील चितांबो या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. आतां हुकूम देणारा कोणी उरला नाहीं. सामान तेथेंच टाकून ज्यानें त्यानें आपल्या वाटेस लागावें, हें सोपें होतें. परंतु सुसी व चुमा या दोघां जुन्या सेवकांच्या पुढारीपणाखालीं त्या मंडळींनीं ठरविलें कीं, शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोंचवावयाचें. सर्वांसमक्ष पेट्या उघडण्यांत आल्या आणि जेकबनें आंतील वस्तूंची लेखी यादी केली. हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. तेव्हांची प्रार्थना जेकबनेंच वाचली, आणि झाडाच्या खोडावर नांव व तारीखहि त्यानेंच कोरली. शव मीठ लावून उन्हांत वाळविलें, झाडाच्या सालींत व जाड कापडांत बांधलें, आणि ती मंडळी हजार मैलांहून अधिक वाट चालून फेब्रुवारी १८७४ मध्यें किनाऱ्यावरील बागामोयो येथें पोंचली. वाटेंत लेफ्टनंट कॅमेरन हा इंग्रज अधिकारी भेटला. शव येथेंच पुरून टाका, अशी सूचना त्यानें केली. ती त्यांनीं मानली नाहीं. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडन येथें वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफनविधि झाला, तेव्हां शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.

या हकीकतींतील एकेक काम वेगळें काढून पाहा. यादी करणें, अक्षर कोरणें, गांठोडें घट्ट बांधणें, रोजच्या अन्नाची सोय पाहणें. यांत अलौकिक असें कांहींच नाहीं. हीं सर्व साधीं कामें आहेत. परंतु वरिष्ठ गेल्यावर तीं कोणत्या हेतूनें व कोणत्या क्रमानें करावयाचीं, हें त्यांनीं स्वतः ठरविलें, आणि अधिकाऱ्याची सूचना आली असतांहि तो निश्चय सोडला नाहीं. काम व निर्णय हीं दोन चाकें जुळलीं म्हणजे गाडी किती दूर जाते, हें यावरून दिसतें. शरणपूरच्या मुलांना घर नव्हतें, म्हणून शाळेस घराचें काम करावें लागलें. आपल्या मुलांना घर आहे. मग आपणांस सबब उरत नाहीं.

३. काम शिकवावें कसें ?

मुलास काम शिकविण्यांत मोठी अडचण मुलाची नसून मोठ्या माणसाच्या घाईची असते. मूल पेल्यांत पाणी ओतूं लागलें कीं, "सांडशील, आण इकडे," म्हणून आपण तांब्या हातांतून घेतों. पाणी सांडत नाहीं हें खरें. परंतु शिकण्याची संधि सांडते.

इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत गरीब वस्तींतील मुलांसाठीं बालगृह काढलें. तेथें अक्षरांच्या आधीं बटण लावणें, नाडी बांधणें, पाणी ओतणें, टेबल पुसणें असे जीवनव्यवहाराचे पाठ दिले जात. पुढें १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या व त्यांनीं येथील शिक्षकांचे वर्ग घेतले. परंतु त्यांचे विचार त्यापूर्वींच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या द्वारें आपल्याकडे पोंचले होते. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांत (आजच्या पालघर जिल्ह्यांत) बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महागडीं परदेशी साधनें खेड्यांत कोठून मिळणार ? म्हणून त्यांनीं शंख-शिंपले, बिया, दगड यांचींच साधनें केलीं. आणि जीं मुलें गुरें राखावयास जात, त्यांच्यासाठीं शाळाच कुरणांत नेली. पालकांनीं यांतून हें घ्यावें कीं, घरगुती शिक्षणास खर्च लागत नाहीं. घरांतील तांब्या, चाळणी, सुईदोरा व केरसुणी हींच उत्तम साधनें होत.

पद्धति थोडक्यांत अशी. प्रथम काम सावकाश करून दाखवावें. हात चालत असतां तोंड फार चालवूं नये, कारण मूल एका वेळीं एकीकडेच नीट लक्ष देऊं शकतें. नंतर मुलास करूं द्यावें व आपण दोन पावलें मागें सरावें. चुकलें तर काम काढून घेऊं नये. पाणी सांडलें तर फडकें कोठें आहे एवढें दाखवावें, म्हणजे पुसणें हाहि त्याच पाठाचा भाग होतो. शेवटीं, काम पुरें करण्याची संवय लावावी. पोळी भाजली परंतु तवा तसाच राहिला, तर स्वयंपाक पुरा झाला नाहीं. सायकल पुसली परंतु फडकें अंगणांत पडलें, तर तें काम अर्धेंच होय.

याच जिल्ह्याशीं संबंध असलेलें दुसरें उदाहरण एका पुस्तकाचें आहे. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यांतील एक प्रकरण पत्रावळ लावण्यावर आहे. पत्रावळ ही केवढी लहान वस्तु ! परंतु ती स्वतः लावतां येणें हें त्या घरीं मुलाच्या शिक्षणाचेंच अंग मानलें होतें, आणि मुलगा म्हणून त्यास त्यांतून सूट नव्हती. ज्या मुलांनीं तें प्रकरण वाचलें नसेल त्यांनीं तें अवश्य वाचावें.

४. काय शिकवावें ?

प्रत्येक घराची रीत निराळी असते, तरी सामान्य क्रम असा ठेवितां येईल.

सहा वर्षांपर्यंत : स्वतःच्या हातानें जेवणें व ताट उचलणें, कपडे घालणें व घडी करणें, चपला जोडीनें ठेवणें, पेल्यांत पाणी ओतणें, कोथिंबीर व मेथी निवडणें, आपलें पूर्ण नांव, गांव व आईवडिलांचा दूरध्वनि क्रमांक सांगणें.

सात ते दहा वर्षें : केर काढणें, अंथरूण घालणें व काढणें, आपला रुमाल व मोजे धुणें, दप्तर आदल्या रात्रीं भरणें, बटण लावणें, दुकानांतून दोन-तीन जिन्नस आणून उरलेल्या पैशांचा हिशेब देणें, झाडांना पाणी घालणें.

अकरा ते तेरा वर्षें : वाटीभर तांदळास दोन वाट्या पाणी या मापानें भात करणें, वरण, पोहे व चहा करणें, सायकलची साखळी बसविणें, एस. टी. चें वेळापत्रक वाचणें व नाशिकचा प्रवास मोठ्यांच्या देखरेखीखालीं स्वतः पार पाडणें. शेगडी पेटवितांना आधीं लायटर हातांत घ्यावा व मग चावी फिरवावी. कुकरांतील वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झांकण उघडूं नये. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्या, आणि विजेच्या कोणत्याहि बटणास हात लावूं नये.

चौदा वर्षांपुढें : पोळीभाजीसह साधा स्वयंपाक करणें, टपाल कार्यालयांत व बँकेंत पैसे भरण्याची पावती लिहिणें, वीजबिल वाचून किती युनिटें जळलीं तें समजून घेणें, औषधाच्या वेष्टनावरील मुदत पाहणें, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणें. भाजलें असतां तो भाग वाहत्या थंड पाण्याखालीं २० मिनिटें धरावा. त्यावर टूथपेस्ट किंवा शाई लावूं नये. जुलाब होत असल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून तें थोडें थोडें पाजावें, आणि वैद्यकीय मदत मागवावी. रुग्णवाहिकेसाठीं १०८ व कोणत्याहि संकटांत ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलास तोंडपाठ असावे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. धोक्याचें काम देणें म्हणजे स्वावलंबन शिकविणें नव्हे. द्राक्षबागेंत फवारावयाचीं औषधें मुलांनीं कालवूं नयेत, त्यांचे डबे धुऊं नयेत, व फवारणी चालूं असतां बागेंत उभेंहि राहूं नये. शेततळ्याचें प्लास्टिक निसरडें असतें. पोहतां येणारा मोठा माणूसहि त्यांतून सहज वर येऊं शकत नाहीं. तेथें मुलांनीं एकट्यानें जाऊं नये. धोका ओळखून दूर राहणें हेंहि एक कौशल्यच आहे, आणि तें "तिकडे जाऊं नको" एवढ्यानें येत नसून, कां जाऊं नये हें समजावून सांगितल्यानें येतें.

५. अधिकाराचें महत्त्व

आतां दुसऱ्या चाकाविषयीं. काम दिलें परंतु अधिकार दिला नाहीं तर काय होतें, याचा दाखला ओझरच्या शेतांतच सांपडतो. दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरचीं शेतें शेवटच्या टोकाकडे येतात. तेथवर पाणी पुरेसें पोंचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेनें १९९० च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनीं महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर या नांवांच्या तीन पाणीवापर संस्था स्थापन केल्या. पाणी मोजून घ्यावयाचें, त्याची वांटणी व वसुली आपण करावयाची, आणि आपल्या वांट्याच्या पाण्यावर कोणतें पीक घ्यावयाचें तें आपण ठरवावयाचें, अशी ही व्यवस्था होती. तोच कालवा, तेच शेतकरी. परंतु पाणी मोजून हातीं आलें व निर्णय स्वतःचा झाला, तेव्हां तें जपून वापरण्यांत त्यांना स्वतःचें हित दिसूं लागलें. नाल्यांवरील बंधाऱ्यांत तें जिरवून विहिरींचें पाणीहि वाढविण्यांत आलें. पुढें ही रीत इतकी मान्य झाली कीं, सबंध वाघाड प्रकल्पाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलें.

मुलांचेंहि असेंच आहे. "हें कर, तें आण," असें दिवसभर सांगून जें मूल काम करतें तें हुकमाची वाट पाहणारें होतें. हुकूम थांबला कीं कामहि थांबतें. परंतु त्यास एक संपूर्ण खातें सोंपवून पाहा. "आठवड्याची भाजी तुझ्याकडे. हे इतके रुपये. काय आणावयाचें तें तूं ठरव." पहिल्या आठवड्यांत तें सोमवारींच सारे पैसे खर्चील, आणि शुक्रवारीं घरांत बटाटेच शिजतील. त्या शुक्रवारीं आईबापांनीं गुपचूप पैसे देऊं नयेत, आणि टोमणेहि मारूं नयेत. बटाटे आनंदानें खावे. दुसऱ्या आठवड्यांत तें मूल आपण होऊन हिशेबाची वही उघडील. मोजून दिलेल्या पाण्यानें शेतकऱ्यास जें शिकविलें, तें मोजून दिलेले पैसे मुलास शिकवितात.

६. कांहीं शंकांचें समाधान

कोणी म्हणतील, "यांत अभ्यासाचा वेळ जातो." रोजचीं घरगुती कामें अर्ध्या तासाहून अधिक मागत नाहींत. शिवाय वाटीच्या मापांत अपूर्णांक आहेत, वीजबिलांत गुणाकार आहे, वाफेंत पदार्थविज्ञान आहे. जें पुस्तकांत वाचलें तें हातांतून गेलें म्हणजे पक्कें होतें.

कोणी म्हणतील, "मुलगा घरांत काम करूं लागला तर लोक काय म्हणतील ?" लोक दोन दिवस हंसतील. परंतु आई आजारी पडली असतां ज्या घरीं मुलगा पेज करून देतो, त्या घरास लोकांच्या हंसण्याची पर्वा करण्याचें कारण नाहीं. मुलींच्या आईवडिलांना याच्या उलट सांगणें आहे : कामाचा अर्धा भार भावावर घाला, आणि उरलेल्या कामांतहि तिचें मत विचारा. नाशिकास फॉर्म भरण्यास तिलाच पाठवा. बँकेचें पुस्तक तिच्या हातीं द्या. आज्ञाधारकपणा हा गुण आहे. परंतु ज्या दिवशीं आज्ञा देणारा चुकीची आज्ञा देईल, त्या दिवशीं तिच्याजवळ स्वतःची विचारशक्ति असली पाहिजे.

ज्या घरीं आई व वडील दोघेंहि मजुरीस जातात, तेथील मुलें हीं सारीं कामें केव्हांच करीत असतात. त्यांना हा लेख नवें कांहीं शिकवीत नाहीं. वर्गांतील इतरांनीं मात्र त्यांच्याकडे पाहून शिकावें, आणि शिक्षकांनीं त्यांचें हें ज्ञान गुणपत्रिकेंत नसलें तरी मनांत मोजावें.

७. सुट्टींतील अभ्यास

विद्यार्थीमित्रहो, लेख वाचून संपला म्हणजे धडा संपला असें समजूं नका. येत्या सुट्टींत पुढील चार गोष्टी करा.

(अ) घरांतील सर्व माणसें सकाळपासून रात्रीपर्यंत कोणतीं कामें करतात याची एका दिवसाची यादी करा, आणि प्रत्येक कामापुढें तें करणाराचें नांव लिहा. कोणाचें नांव अधिक वेळां आलें तें मोजा.

(आ) त्या यादींतून जें काम तुम्हांस मुळींच येत नाहीं असें एक निवडा, आणि तें ज्यास येतें त्याच्याकडून शिकून घ्या. मुलांनीं स्वयंपाकघरांतील, व मुलींनीं घराबाहेरील व्यवहारांतील काम निवडावें.

(इ) एक संपूर्ण खातें पंधरा दिवसांसाठीं मागून घ्या : भाजी, पिण्याचें पाणी, धाकट्या भावंडाचा अभ्यास, किंवा गोठा. त्यांतील निर्णय तुमचे, आणि चुकांची भरपाईहि तुमची.

(ई) पंधराव्या दिवशीं आईवडिलांजवळ बसून हिशेब द्या, आणि हें खातें पुढेंहि तुमच्याकडेच ठेवावें काय, हें त्यांना विचारा.

पालकहो, आपली एक परीक्षा या चौथ्या प्रश्नांत आहे. मुलाच्या हातून भात थोडा करपला असेल, दोन रुपये अधिक गेले असतील. तरीहि त्या वेळीं आपण "होय, तुझ्याकडेच राहूं दे," असें म्हणालांत, तर आपलें मूल परगांवीं जाईल त्या दिवशीं आपणांस निर्धास्तपणें झोंप लागेल.